अंगठ्याची गाठ

मेहुण्यासमोर वायरमन बायकोला टाकून बोलला, तेव्हापासून तिने अबोला धरलेला. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून त्याने तिच्यासाठी हेम्पच्या, तागासारख्या दोरीचं ब्रेसलेट विणायला घेतलं. व्हिडिओतली मुलगी म्हणाली, "टोक पायाच्या अंगठ्याला अडकवा." याने मऊ व्हावी म्हणून भिजवलेली दोरी अंगठ्याला गुंडाळून विजेच्या खांबावर मारतात तशी गाठ मारली. ब्रेसलेट कसंबसं झालं, पण गाठ वाळून दगड झाली. शेवटी अंगठ्याला अडकलेलं ब्रेसलेट फरफटत तो स्वयंपाकघरात गेला. बायकोने आधी अंगठा पाहिला, मग नवऱ्याचं तोंड. "सुंभ जळेल, पण तुमचा पीळ जायचा नाही!" ती बोलली! त्याचा जीव भांड्यात पडला. तिने कात्री उचलली. "कापू नकोस, तुझंय ते." कात्री ठेवून, त्याचा पाय मांडीवर घेऊन ती शिव्या घालत गाठ उकरू लागली. अंगठा ठणकत होता, तरी गाठ इतक्यात सुटू नये, असं त्याला वाटलं.