उलटं वाचलेलं उदाहरण

"मॅडम, तुम्ही उलटं वाचलंत," श्रावस्ती म्हणाली. मी बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून बारावीची ही पोरगी गणितं विचारायला घरीच येते. आज तिच्या हातात पुस्तकाऐवजी माझ्या बाळाच्या कानाच्या तपासणीचा कागद होता: 'प्रतिसाद नाही. पुन्हा तपासा.'

"उलटं कसं? ऐकू न येणारं बाळ हे यंत्र हमखास पकडतं, डॉक्टरच म्हणाल्या."

"पण यंत्राने पकडलेलं प्रत्येक बाळ तसंच असतं, असं म्हणाल्या का?"

तसं नव्हत्या म्हणाल्या. हजारात दोन बाळांना खरंच ऐकू येत नाही आणि आणखी पन्नास नुसती चुळबुळ केली म्हणून अडकतात, असं म्हणाल्या होत्या. मी ते तिला सांगितलं. तिने वहीत बावन्न लिहिले, वर दोन लिहून त्याला गोल केला. "शंभरात चारसुद्धा नाही! आणि याच चुकीला तुम्ही आमचे दोन मार्क कापता."

मला हसू आलं. सहा वर्षं संभाव्यतेचा हा धडा शिकवतेय, आणि मंगळवारपासून स्वतःच्याच बाळाचं उदाहरण चुकवत बसले होते.

ती गेल्यावर बाळाला मांडीवर घेतलं. कुणासाठी गायचं, असं वाटून चार दिवस अंगाई बंद होती, आज म्हटली. दोन महिन्यांचा तो जीव माझ्या ओठांकडे टक लावून बघत राहिला. ऐकणारी बाळं अशीच बघतात. न ऐकणारीही अशीच बघत असतील का? सोमवारी दुसऱ्या तपासणीत कळेल.

मी दुसरं कडवं सुरू केलं.