शुद्ध हवेचा सत्कार

"माणसाच्या इंद्रियांपुढे विज्ञानसुद्धा नतमस्तक होतं," असं कारखान्याचे मोठे साहेब माइकवर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. हवा मोजायचं यंत्र कैक वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेलं होतं आणि तिकडेच रमलं होतं. तेव्हापासून हवा मोजण्याचं काम एका माणसाच्या नाकाकडे होतं.

त्याला सगळे नाकवाला म्हणत. सकाळी उठायचं, हवेला गंधकाचा वास आहे की नाही ते फोनवर कळवायचं. 'आहे' म्हटलं की भट्टी मंद करत. 'नाही' म्हटलं की पूर्ण जोरात. नाक कामाच्या जागेजवळ असावं म्हणून त्याला कुंपणाला खेटून क्वार्टर दिलं होतं आणि घरात कारखान्याचा फोन. इतरांची नाकं आठवड्याभरात वासाला सरावत आणि मग त्यांना काहीच कळेनासं होई. नाकवाल्याचं तसं नव्हतं. बाहेरचे पाहुणे नाकाला रुमाल लावून गाडीतून उतरत, त्या दिवशी त्याने 'आहे' कळवलेलंच असे.

आणि आता कितीतरी आठवडे तो रोज 'नाही' कळवत होता. धुराड्यावर बसवलेल्या नव्या जाळीचा हा विजय होता. आता दुसरं धुराडं उभं राहणार होतं.

साहेबांनी पुष्पगुच्छ दिला. "सांगा बघू, फुलं ताजी आहेत ना?"

लोक हसले. नाकवाल्याने गुच्छात तोंड खुपसलं. "झकास," तो म्हणाला.

बाहेर पडताना कुंपणालगतची झाडं बोडकी दिसली. "हवामान बदल," साहेब म्हणाले. "जागतिक प्रश्न आहे. आपण तरी काय करणार?" कॉलनीतल्या पोरांचे डोळे चुरचुरत होते. ते मोबाइलमुळे, असं कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

घरी येऊन नाकवाल्याने भाजी गॅसवर ठेवली आणि शेजारीच पेपर वाचत बसला. थोड्या वेळाने शेजारचा फिटर धावत आला.

"अहो नाकवाले! घर जाळताय की काय? भाजीचा कोळसा झाला!"

"माझी ड्युटी सकाळी असते," नाकवाला म्हणाला आणि गॅस बंद केला.

"वहिनींना बोलवून घ्या बुवा आता. परवा नासकं दूध प्यालात, आज हे. सत्कार झालेला माणूस असा उपाशी मरायचा."

बायकोला छातीचा त्रास होता. मागच्या झटक्याच्या वेळी ती निळी पडली होती. पुढच्या वेळेला मी जबाबदार नाही, हिला या हवेतून हलवा, असं शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा ती मोठ्या बहिणीकडे गेली. हवा सुधारली तरच परत यायचं, असं ठरलं होतं. ती गेल्यावर घर फार शांत झालं. सकाळी उठून खिडकी उघडली की नाकवाला सवयीने आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राही. आत रिकामी गादी. जरा वेळ तो कान देऊन उभा राही, मग फोनकडे वळे.

त्या रात्री त्याने तिला फोन लावला. "हवा सुधारलीय. सत्कारसुद्धा झाला."

"हवेचा?"

"माझा."

"खरंच सुधारलीय ना हो? ताई म्हणते, घाई करू नकोस. परत तसं झालं तर मी काही वाचत नाही."

"एकदाही वास नाही. रोजचं सांगतोय."

"इथे बरं आहे. खोकला औषधालाही नाही. पण ताईच्या घरात किती दिवस पाहुणी राहू? तिची सून भांडी आपटायला लागलीय."

"मग ये की."

"येते. तुमच्या नाकावर माझा भरवसा आहे. बाकी कशावर नसला तरी."

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली तेव्हा वारं उलट्या दिशेचं होतं. तिने करपलेली कढई पाहून कपाळाला हात लावला, नासकं दूध ओतून दिलं, गुच्छ तांब्यात ठेवला. जेवताना बहिणीच्या सुनेच्या दोन गोष्टी सांगितल्या. नाकवाला बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. रात्री कधीतरी वारं फिरलं.

सकाळी तो उठला. खिडकी उघडली. आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

आत बायको खोकली. मग पुन्हा. मग उठून बसली, गादीची कड घट्ट धरली, आणि खोकला थांबेचना.

त्याने फोन उचलला. "वास आहे," तो म्हणाला.

"काय सांगताय?" पलीकडून ऑपरेटर ओरडला. "परवाच तर तुमचा सत्कार झाला!"

"आहे," नाकवाला म्हणाला. "जोरात आहे."

त्याचं स्वतःचं नाक नेमणुकीच्या दुसऱ्याच वर्षी गेलं होतं.