माइक चांगला हवा

"हा नको. याचं पाठचं झाकण चिकटवलेलं आहे." न्यिमामावशीने तिसरा फोनही काउंटरवर परत ठेवला.

युसुफाने चौथा काढून दिला. सेरेकुंडा शहराच्या बाजारात त्याच्याइतके जुने फोन कुणाकडे नव्हते, पण सकाळपासून मावशीच्या पसंतीला एकही उतरत नव्हता.

"तुम्हाला हवाय तरी कसा?"

"स्वस्त. नखाने उघडणारा. बॅटरी हाताने निघेल असा. आणि माइक चांगला हवा. बिघडलाच तर ज्याचा त्याला बदलता आला पाहिजे."

"डेम्बासाठी?"

"मग काय माझ्यासाठी? मला वाचता येत असतं तर रोज तुझ्या दाराशी आले असते का?"

तेही खरंच होतं. तिचा मुलगा डेम्बा वाळवंट ओलांडून, बोटीत बसून इटलीला गेला, त्याला दोन वर्षं झाली. तिथून तो फक्त लिहायचा. फोनचा माइक गेलाय, इकडे दुरुस्ती परवडत नाही, असं त्यानेच कळवलं होतं. निरोप आला की मावशी फोन घेऊन टपरीवर यायची, युसुफा वाचून दाखवायचा. मग घरी जाऊन ती आपलं उत्तर बोलून पाठवायची. बाजारातल्या कितीतरी आयांची मुलं अशी युसुफाच्या तोंडूनच बोलत.

"मावशी, एवढ्या लांब पाठवायचा, वाटेत कुणी लांबवला तर? थांबा की थोडं."

"दोन वर्षं थांबलेच आहे." ती एक निळा फोन उलटसुलट करून बघत होती. "पावसाळ्यात तू तापाने पडलास, आठवतं? नऊ दिवस तुझी टपरी बंद आणि नऊ दिवस माझा फोन गप्प. घर खायला उठलं होतं. तेव्हाच ठरवलं, फोन घ्यायचा."

"याचा आवाज खरखरतो," युसुफा घाईने म्हणाला.

"मग बदल की माइक. माझ्यासमोर बदल."

त्याने झाकण काढलं, चार स्क्रू सोडवले. एका मोडक्या फोनातला माइक काढून यात बसवला. मावशी स्टुलावर बसून एकेक स्क्रू बघत होती.

"जमतं की सहज," ती म्हणाली. "आता न बोलायला निमित्त उरत नाही."

तिने फोन तोंडाशी धरला. "डेम्बा, जेवलास का?" क्षणभराने फोनने तेच तिला परत विचारलं. तिने पदराला गाठ मारून आणलेले पैसे काढून ठेवले.

"नेणार कोण आहे?" युसुफाने विचारलं.

"आहे माणूस. तोवर तुझ्याकडेच राहू दे." दुपारच्या नमाजाची हाक आली तशी ती उठून गेली.

युसुफाने टपरीचं दार पुढे ओढलं आणि खालचा खण उघडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत डेम्बाचा फोन होता. उलटलेल्या बोटीतून वाचलेल्या एकाने, मावशीसमोर जायचा धीर होईना म्हणून, तो दोन वर्षांपूर्वी युसुफाकडे आणून दिला होता. पिशवीमुळे फोन वाचला होता, डेम्बा नाही. त्या दिवशी मावशीला निदान एक रात्र झोप लागावी, म्हणून युसुफाने त्यावरून एकच ओळ पाठवली होती: आई, पोचलो. मग थांबायला त्याला जागाच सापडली नाही. त्याला स्वतःची शिसारी यायची, तरी तो लिहायचा.

आताही त्याने लिहिलं: आई, फोन पाठवू नकोस, माझा पत्ता बदलतोय.

निरोप वाचून घ्यायला मावशी परत येईल, म्हणून तो दाराच्या फटीतून रस्त्याकडे बघत राहिला. ती आली नाही. हातातला फोन वाजला. तिने बोलून उत्तर पाठवलं होतं. त्याने ते कानाला लावलं.

"युसुफा, बाळा, तो निळा फोन न्यायला कुणी येणार नाही, तो तुझ्यासाठीच घेतलाय. माइक तूच बसवलास, आता माझ्या डेम्बाचं काय झालं ते तोंडाने सांग."