पैजेचा गाऊन

"लागली पैज!" सोसायटीच्या गेटवर बापू खैरनार ओरडला. "दिवेलागणीच्या आत आपल्या सिडकोचा भाव गंगापूर रोडला गाठणार. नाही गाठला, तर गाऊन घालून इथेच उठाबशा काढतो!"

"गाऊन माझा घे," शेजारच्या अहिरराव काकू म्हणाल्या. पण त्यांचा जीव गेटवरच्या भावाच्या बोर्डात अडकला होता. दोन्हीकडचे भाव बरोबरीत आले, तरच त्यांना स्वतःचा फ्लॅट देऊन गंगापूर रोडला बहिणीच्या शेजारचा फ्लॅट मिळणार होता.

भिंती ऐकायला लागल्यापासून जुन्या फ्लॅटचा भाव आवारातल्या हसण्यावर ठरायचा. गंगापूर रोडवाल्यांनी तर पगारी हास्यक्लबच ठेवला होता.

दिवे लागले. सिडको मागेच राहिलं. काकूंचा चेहरा उतरला.

बापू मात्र फुलाफुलांचा गाऊन घालून, कान धरून गेटवर हजर. तिसऱ्या उठाबशीला गाऊन टर्रकन फाटला. अख्खी सोसायटी खदखदली. बहिणीच्या शेजारचा फ्लॅटवालाही अदलाबदलीचे कागद घेऊन तिथंच आला होता, तो पोट धरून खाली बसला. बोर्डवरचा आकडा चढत चढत बरोबरीला आला.

"मेल्या, मुद्दाम हरलास!" काकू हसता हसता ओरडल्या.

"भाव उतरायच्या आत कागदावर अंगठा लावा हो काकू! गाऊनात आता फाटायला काही उरलं नाही!"