जिन्यावरचे घरमालक

"अजून तिथेच आहेत," दाराच्या बारीक भिंगाला डोळा लावून विभावरी कुजबुजली. "बेल वाजवत नाहीत, काही नाही. पायरीवर बसलेत."

"दोघंही?" दत्ताने विचारलं.

"दोघंही. ब्रेड खातायत."

दोघं म्हणजे घरमालक नवरा-बायको, हेर वाइगेल आणि फ्राउ वाइगेल, आपल्याकडचे श्री. आणि सौ. निवृत्त झाल्यावर लोक कॅम्पिंगची गाडी घेतात, गुलाब लावतात. या जोडप्याने जर्मनीतल्या एर्लांगेनमधलं राहतं घर सामानासकट दत्ता-विभावरीला भाड्याने दिलं आणि पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटांवर मिशनरी म्हणून मुक्काम हलवला. तेव्हापासून विभावरी त्यांच्याच खुर्च्यांवर बसत होती, त्यांच्याच कपातून चहा पीत होती, आणि ही असतील तरी कसली माणसं, याचं तिला भारी कुतूहल होतं. हीटिंग बिघडलं की व्हिडिओ कॉल व्हायचा. पलीकडे कोंबडे आरवत असायचे. हेर वाइगेल कधी सोलर दिवा उघडून बसलेले, तर कधी होडीचं इंजिन. फ्राउ वाइगेल पोरांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधत असायच्या. रविवारी होडी आली तर पलीकडच्या बेटावर प्रार्थना, नाही आली तर असतील तिथेच.

तीच माणसं आज न कळवता जिन्यावर येऊन बसली होती. जर्मनीत सख्खा भाऊसुद्धा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, ठरवल्याशिवाय येत नाही.

"आयगनबेडार्फ," दत्ता म्हणाला.

मालकाला स्वतःला राहायला घर हवं असेल, तर तो भाडेकरूला उठवू शकतो. त्यालाच इथे हा भलामोठा शब्द. आणि एर्लांगेनमध्ये दुसरं घर मिळणं म्हणजे देव पावण्यातलाच प्रकार. लेकीची, अन्वीची, शाळा रस्त्यापलीकडे होती, तिच्या मैत्रिणी याच बिल्डिंगमध्ये होत्या. इतक्या वर्षांनी कुठे हे गाव आपलं वाटायला लागलं होतं.

"वारूम क्लिंगेल्न दी निश्ट?" अन्वीने मोठ्याने विचारलं. ते बेल का वाजवत नाहीत, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. त्यामुळेच दोघांनी तिला गप्प केलं आणि आतल्या खोलीत पिटाळलं.

"दार उघडू नकोस हं," दत्ता म्हणाला. "आधी मीटरफेराइनला विचारू."

"भाडेकरूंची संघटना सोमवारी उघडते, दत्ता. आज शनिवार आहे."

"मग थांबू. कंटाळून जातील."

विभावरीने देव्हाऱ्यावर टॉवेल टाकला. धर्माचं काम करणारी माणसं ती. निदान या निमित्ताने तरी त्यांचं डोकं फिरायला नको. उदबत्तीचा वास मात्र काही केल्या झाकता येईना. ती पुन्हा भिंगापाशी आली. जिन्यातला दिवा ठरलेल्या वेळाने आपोआप विझायचा, आणि हेर वाइगेल दर वेळी गुडघ्यावर हात टेकत उठून बटण दाबायचे. मग पुन्हा येऊन बायकोशेजारी बसायचे. सगळी सकाळ हेच चाललं होतं. तिला भीती वाटत होती, आणि नवलही वाटत होतं. ज्याला घर काढून घ्यायचं असतं, तो असा बसून राहतो का?

दिवा पुन्हा लागला, तेव्हा दोघंही उभी होती. फ्राउ वाइगेल नवऱ्याच्या कोटाची बटणं लावून देत होत्या. हेर वाइगेलनी खिशात हात घातला.

"किल्ली काढतायत!" विभावरी म्हणाली. आपल्याच घरात आपल्यावर कुणी दार उघडून यावं, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं. व्हायचं ते होऊ दे, म्हणून तिनेच खाडकन दार उघडलं. "या ना," तिच्या तोंडून निघून गेलं. "आत या."

फ्राउ वाइगेलचा चेहरा एकदम उजळला. दोघांनी बूट बाहेरच काढले. आत आल्यावर हेर वाइगेलनी स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभं राहून पाणी मिळेल का, असं विचारलं.

"तुम्ही बेल का नाही वाजवलीत?" विभावरीला राहवेना.

"आमच्या बेटावर दार वाजवत नाहीत," फ्राउ वाइगेल म्हणाल्या. "काही मागायला गेलं, की घरासमोर बसायचं. चूल पेटवणारीने हाक मारली, की मग आत यायचं. असलं मागणं फोनवरही करत नाहीत."

"पण घर तर तुमचं आहे!"

"चूल तुमची आहे ना."

मग त्यांनी मागणं सांगितलं. हेर वाइगेलच्या हृदयाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात इथल्याच क्लिनिकमध्ये होतं. मिशनच्या वृद्धाश्रमात एक खाट होती, पण ती दूर उत्तरेला. आपल्या खिडकीतून बाहेर बघून मग ऑपरेशनला जावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. लहान खोली बरे होईपर्यंत मिळाली असती तर.

"म्हणजे... आम्ही घर सोडायचं नाही?" दत्ताने विचारलं.

"सोडायचं?" फ्राउ वाइगेल दचकल्या. "अन् मग आम्हाला हाक कोण मारणार?"

दत्ता उठला आणि लहान खोलीतलं आपलं ऑफिसचं टेबल ओढून बाहेर काढू लागला. विभावरीला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. तिने चहा टाकला, चौघांपुरता. आलं किसता किसता तिचं कुतूहल पुन्हा जागं झालं.

"आणि तुमच्या बेटावर समजा कुणी हाक मारलीच नाही, तर?"

"तर रागवायचं नाही. आज त्या घरात आपल्याला जागा नाही, एवढंच समजायचं." फ्राउ वाइगेलनी नवऱ्याकडे बघितलं आणि हलकेच त्याच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही दार उघडलंत ना, तेव्हा आम्ही निघालोच होतो."