मूळ फोटो

हनुवटीवरचे टाके. दुसरं बेट. नवं सिमकार्ड. वाढदिवसाच्या पॅन्सितच्या शेवया, आणि आज सात वर्षांची झालेली ताला.

नवऱ्यापासून लपलेली डेल्फिना लेकीचे फोटो आईला लहान करूनच पाठवायची. मूळ फोटोत फोन ठिकाणही नोंदवून ठेवतो, हे तिला ठाऊक होतं.

“अगं, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पोरीचं नाक भोपळ्याएवढं आणि धूसर येतंय म्हणे,” आई रडवेली झाली. “दुकानवाला मूळ फोटो मागतोय. नात तर दिसत नाही, फोटो तरी दे.”

डेल्फिनाने पाठवला. “कुणाला देऊ नकोस, आई.”

“मी कुणाला देणार? रोमेल घेऊन गेला दुकानात. सुधारलाय गं तुझा नवरा. फ्लेक्सचं सगळं तोच बघतोय.”

डेल्फिनाने तालाला ताटावरून उचललं.



आईच्या गावातलं फ्लेक्सचं एकमेव दुकान जूनमध्येच बंद पडलं होतं.