कमरेएवढा कुत्रा

तिनं फोडलेली पिशवी काउंटरवर ठेवली आणि बदलून मागितली. दुकानदारानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. फोडलेला माल परत घेत नाही, असं तो सवयीनं म्हणाला, आणि मग त्यानं विचारलं, खात नाही का कुत्रा?

"खातो," ती म्हणाली. "पण हे लहान कुत्र्यांचं निघालं. आमचा मोठा आहे."

"केवढा?"

तिनं हात कमरेपाशी धरला. लगेच खाली घेतला.

दुकानदाराला या विषयावर कुणी छेडायचाच अवकाश. लहान जातीच्या कुत्र्याचं तोंड लहान, पोट लहान, धावपळ मात्र फार. म्हणून त्याचं खाणं कसदार आणि दाणा बारीक. तेच मोठ्या कुत्र्याला घातलं तर तो चावत नाही, नुसता गिळत सुटतो. बरोबर हवाही गिळतो. पोट ढोलासारखं फुगतं, कधी आतल्या आत पीळ बसतो, आणि मग डॉक्टर गाठेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. कधीपासून घालताय हे त्याला, असं त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण कुत्रा नव्हताच.

वाडगा होता. ती बेकरीतल्या पहाटपाळीला अंधारात बाहेर पडायची आणि घरात मागे उरायची ती कानानं अधू झालेली मावशी. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जिना उतरता उतरता त्यांच्या दाराशी थांबायला लागला, तेव्हा मावशीनंच डोकं लढवलं. दोन माणसं जेमतेम मावतात तिथं कुत्रा कुठं ठेवायचा. पण दाराबाहेर एक मोठा वाडगा आणि जाडसा पट्टा ठेवायला काय जातंय? कुत्रा भुंकत कसा नाही, असं कुणी विचारलं तर? विचारू दे, मावशी म्हणाली, न भुंकणाऱ्याची तर माणूस जास्त धास्ती घेतो.

आणि खरंच, पावलं दाराशी थांबेनाशी झाली होती. काल ती कामावरून परतली तर तो भाडेकरू वाडग्यापाशी उकिडवा बसलेला. त्यानं एक दाणा उचलून बोटांत फिरवला. कुत्रा एवढा मोठा म्हणता, शेजारीणबाई, आणि दाणे आमच्या पिटुकल्या कुत्रीचे? असं म्हणून तो हसला, आणि दाणा वाडग्यात परत ठेवला. टाकला नाही, अलगद ठेवला. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

"वय?" दुकानदारानं विचारलं.

"तीन वर्षं."

"वजन?"

तिला पिठाच्या पोत्याचं वजन हाताला कळायचं. कुत्रा तिनं जन्मात उचलला नव्हता.

"बारा किलो."

फळीकडे गेलेला दुकानदाराचा हात तिथंच थांबला. "कमरेएवढा," तो सावकाश म्हणाला, "आणि बारा किलो." त्याची नजर तिच्या बाहीवर आली. बाहीच्या चुण्यांत पीठ होतं. केस एकही नव्हता. त्याच्या स्वतःच्या स्वेटरवर मात्र गावभरच्या कुत्र्यांचे केस होते.

तेवढ्यात दार उघडलं. फरशीवर बारीक नखांची टकटक झाली आणि मागून आवाज आला, "अरे वा, शेजारीणबाई. खाणं बदलताय वाटतं?"

तिनं मागं पाहिलं नाही. काउंटरची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. आता दुकानदार हसणार आणि म्हणणार, बघा हो, कमरेएवढा कुत्रा आणि बारा किलो. एवढं एक वाक्य पुरे होतं. उद्या पहाटे ती निघाली, की मावशी आणि तो माणूस यांच्यामध्ये एका जुन्या कडीशिवाय काही उरणार नव्हतं.

दुकानदारानं त्या माणसाकडे पाहिलं. मग तिच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. मग तो वाकला, खालच्या फळीवरची सगळ्यात मोठी पिशवी दोन्ही हातांनी ओढली आणि धाडकन काउंटरवर ठेवली.

"हे मोठ्या ब्रीडचं. दाणा अंगठ्याच्या पेराएवढा आहे, चावूनच खावा लागतो. चुकी माझीच, मागच्या वेळी पिशवी बघून द्यायला हवी होती." चष्मा पुसत तो पुढं म्हणाला, "आणि ताई, हात जोडतो, पण त्याला परत दुकानात आणू नका. फळी पाडली ते सोडा. हे बघा."

त्यानं बाही वर सारली. कोपराखाली एक जुना, पांढरा पडलेला व्रण होता. कुठल्या कुत्र्याचा, देव जाणे.

तिला कळायला एक क्षण उशीर झाला.

मागचा माणूस हसला, पण जरा अडखळत. अनोळखी माणूस दिसला म्हणून बिथरला असेल, असं काहीतरी तो म्हणाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना थोडाच काही करणार आहे तो.

तेव्हा ती पहिल्यांदा वळली.

"जिन्यातून कोण जातं आणि दाराशी कोण थांबतं, ते त्याला पावलांवरून कळतं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "कुणी थांबलं की तो उठून दारामागं उभा राहतो. आधी मी त्याला बांधून जायची. आता नाही बांधत."

त्या माणसानं पिशवीवरच्या कुत्र्याच्या चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि खाली न बघताच तो वाकला, चाचपडत आपली कुत्री उचलली आणि छातीशी धरली.